कोरड्या हाताचं दूध

आमच्या घरचं दूध फेसाळत नव्हतं. एवढंच दुखणं, पण ते कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. शेगडीवर ठेवलं तर हेच दूध मेलं असं उतू जायचं की माझी अर्धी सकाळ ओटा पुसण्यात जायची. पण कॉफीच्या मशीनच्या वाफेखाली धरलं की त्याचा बारीक, घट्ट, ओल्या रंगासारखा चकचकीत फेस व्हायला पाहिजे, तो काही व्हायचा नाही. व्हायचा म्हणजे, होऊन बसायचा. मी कप काउंटरवरून टेबलापर्यंत नेईस्तोवर वर चार मोठे बुडबुडे आणि खाली तपकिरी दूध.

आता तुम्ही म्हणाल, मग दूध बदला की! बोलायला काय जातंय. सगळं ऐकून घ्या आणि मग बोला.

माझं माहेर कर्जतचं, भिसेगावातलं. सासर खालापूरच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत. भातशेती आणि चार म्हशी. नवरा योगेंद्र मोहोपाड्याला केमिकल कंपनीत शिफ्टला जातो. घरात सासरे सदूबाबा, सासू इंदूबाई आणि नणंद छाया. छाया बारावी होऊन स्थळांची वाट बघत बसलेली. मी बी.कॉम. आहे, पण त्या घरात माझ्या बी.कॉम.चा उपयोग औषधाच्या बाटलीवरचं वाचून दाखवण्यापलीकडे कधी झाला नाही. सहा वर्षं मी स्वयंपाकघर, शेत आणि गोठा एवढ्यातच फिरले. गोठ्यातसुद्धा वाटणी होती. शेण माझं, धार बाबांची.

मग ऋषिकेशने दुकान काढलं. ऋषिकेश आमच्याच गावचा, पलीकडच्या आळीतला. कर्जतच्या रस्त्याला त्यांची जागा होती, तिथे त्याने काचेचं कॉफीचं दुकान थाटलं. शनिवार-रविवारी फार्महाऊसवाल्यांच्या गाड्या तिथूनच जातात. दूध ठरवायला तो आमच्याकडे आला तेव्हा बोलता बोलता म्हणाला, "दूध मिळेल हो काका, मशीनवर उभं राहायला माणूस मिळत नाही." मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. माझ्या तोंडातून निघून गेलं, "मी येऊ?"

घरात अशी सामसूम झाली की म्हशीचं रवंथ ऐकू यायला लागलं. आईंनी पदर तोंडाला लावला. योगेंद्र छताकडे बघत बसला. बाबांनी मात्र चहा बशीत ओतला, फुंकून प्यायला आणि म्हणाले, "आपलं दूध जातंय तवर सूनबी जाईल. आपल्याच दुधासंगं गेली तर कोन काय बोलनार नाय."

झालं! तेव्हापासून रोज सकाळी बाबांच्या मोटारसायकलवर पुढे दुधाचा कॅन आणि मागे मी. एकदा मी म्हटलं, "मी एष्टीने येत जाईन, तुम्हाला कशाला त्रास?" तर म्हणाले, "आनि लोकांना काय सांगू, सून एकटी कामाला जाते म्हनून?" म्हणजे मी कामाला जात नव्हतेच. मी दुधाला सोबत जात होते. कॅन थांबला की मी थांबले.

आणि मला थांबायचं नव्हतं हो. मला ते काम जीव की प्राण झालं होतं. मशीन कंपनीचा देवेश शिकवायला आला होता, हसतमुख, पण शिस्तीचा. "वाफेच्या नळीचं टोक दुधाला नुसतं टेकवा, बुडवू नका. कागद फाटल्यासारखा चर्र आवाज आला पाहिजे. आता किंचित आत घ्या, दूध गरागरा फिरू द्या. हा स्टीलचा जग हाताला सोसेना झाला की बंद." त्याने येताना गायीचं पिशवीतलं दूध आणलं होतं. तिसऱ्या वेळेला मला जमलं. कपात ओतताना जग जरा हलवला तर वर पान उमटलं. देठासकट पान! देवेश "वा!" म्हणाला आणि मला रडूच आलं. वेडी कुठची. पण सहा वर्षांत माझ्या हातचं काही बघून कुणी वा म्हटलं नव्हतं. आमच्याकडे जेवण चांगलं झालं तर कुणी बोलत नाही, बिघडलं तर सगळे बोलतात.

तेव्हा माझा हात चांगला होता आणि मशीनही चांगलं होतं. खोट आमच्या दुधात होती. मी सकाळी ते तापवून, गार करून, साय काढून फ्रिजमध्ये ठेवायचे. तरी तेच. वरून मी थोडं पाणी घालून बघितलं, थोडं जास्त तापवून बघितलं. काही नाही. ढिम्म.

एका रविवारी एक बाई कप घेऊन काउंटरवर परत आल्या. गॉगल डोक्यावर, बोलणं गोड. "ही कॅपुचिनो आहे की बासुंदी?" त्यांच्यामागचे दोघं हसले. मग त्यांनी विचारलं, "ओट मिल्क नाही का?" मी म्हटलं, नाही. "सोया? बदाम?" नाही. "मग आहे काय?" माझे कान तापले. मी कप उचलला आणि मागे जाऊन मोरीत ओतला. त्या दिवशी असे तीन-चार कप परत आले.

संध्याकाळी ऋषिकेश म्हणाला, "वैनी, आता एकदाचं ठरवून टाकू. फ्रिजमध्ये दोनच दुधं ठेवायची. एक जनावराचं, एक झाडाचं. येत्या नाही, त्याच्या पुढच्या शुक्रवारी देवेशला बोलावतो, सगळी दुधं मांडू, तुम्ही प्रत्येकाचा फेस करा आणि तुम्हीच निवडा. तुम्ही म्हणाल ते. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही."

चांगला माणूस आहे, त्याचाच तर त्रास. वाईट असता तर त्याने आमचं दूध गुपचूप बंद केलं असतं आणि मी त्याला शिव्या घालून मोकळी झाले असते. त्याने मला मान दिला. निवडायचं मी! खरं सांगितलं तर आमचं दूध गेलं, आणि दुधामागे मी गोठ्यात. खोटं सांगितलं तर त्या बाईसारख्या दहा बाया माझ्या नावाने नाक मुरडणार, आणि मी रोज बासुंदी ओतत राहणार. मला तर कुठूनच वाट दिसेना.

शुक्रवारच्या आधी सराव म्हणून ऋषिकेशने सगळ्या दुधांची खोकी आणून ठेवली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी एकेक फोडायचे. सोयाचा फेस छान चढला, पण कॉफीत पडला आणि फाटला. लिंबू पिळल्यासारखा चोथा वर! बदामाचं दूध म्हणजे निव्वळ पाणी, त्याला साबणासारखे मोठे मोठे फुगे. नारळाचा वास इतका सुरेख की माझी आशा वाढली, पण वाफ लागताच वर तेलाचे डोळे तरंगले आणि फेस जागच्या जागी मेला. देवेशने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, तेल-तूप फेसाचा वैरी, दुधाच्या जगाला चुकून तुपाचा हात लागला तरी फेस धरत नाही. ओटचं एक स्वस्त खोकं होतं, ते पातळ पेजच. दुसरं मात्र खास कॉफीसाठी म्हणून काढलेलं. त्याचा फेस रेशमासारखा आला, चवीला किंचित गोडसर. म्हणजे झाडाचं ठरलं.

गायीचं पिशवीतलं दूध मी मुद्दाम शेवटी घेतलं. चर्र आवाज झाला, दूध फिरलं, चढलं, चकचकलं. मी पान काढलं, मग पानावर पान काढलं. एकटीच हसले आणि दुसऱ्या क्षणी चमच्याने ते पान मोडून टाकलं. हे दूध जिंकणार होतं, आणि ते जिंकलं की मी त्याला परत कधी हात लावणार नव्हते.

योगेंद्रला सांगितलं. तो शिफ्टवरून येऊन जेवत होता. म्हटलं, "दूध बंद झालं तरी मला जाऊ द्या, एवढं बाबांशी बोला ना." तो म्हणाला, "बघू." मी म्हटलं, "कधी बघू?" तो म्हणाला, "अगं, लगेच कशाला तोडायला बसतेस? बाबांना दुखवायचं नाय." त्याला वाईट वाटत होतं, ते मला दिसत होतं. वाईट वाटून त्याने दुसरी भाकरी घेतली.

बाबांना मात्र शुक्रवारची भारी गंमत वाटली. "म्हशीच्या दुधाम्होरं जवाचं पानी ठेवतंय ऋषिकेश! मीबी येतो बघायला." आईंनी विचारलं, "आन आपलं नाय घेतलं तर?" बाबा म्हणाले, "नाय तर नाय. दूध डेअरीला घालू. विनिता ऱ्हाईल घरी. नायतरी तिला किती दिस धाडायची?" कढीत चमचा फिरवत, सहज. मी पोळपाटावर लाटणं आपटलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग ते झालं. बाबांच्या चुलतभावाच्या मुलाची हळद मोहोपाड्याला होती. बाबा हळदीला गेले आणि लग्न उरकूनच आले. मधल्या दिवसांत धार आईंनी काढली. कॅन योगेंद्रने पोचवला. आणि त्या दुधाचा फेस झाला! मी जग हातात धरून बघतच राहिले. वाटलं, पिशवीचं दूध चुकून ओतलं की काय. चव बघितली. आमचंच. जाड, गोड, आणि फेस असा की चमचा उभा राहावा. दुसऱ्या दिवशीही तसाच. बाबा परत आले आणि पुन्हा बासुंदी.

माझं डोकं गरगरायला लागलं. चारा तोच, पेंड तीच, कॅनही तोच. मग फरक कशात? दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेण भरायच्या निमित्ताने गोठ्यात रेंगाळले आणि बाबांकडे नीट बघितलं. इतकी वर्षं बघत होते, पण बघितलं नव्हतं. त्यांच्या पायाशी खोबरेलाची वाटी. दोन बोटं बुडवायची, तळव्याला चोळायची, मग म्हशीच्या सडाला. प्रत्येक म्हशीला नवीन बोट, मध्येच हात कोरडा पडला तर पुन्हा बोट. बोटांवरून दूध ओघळत बादलीत जात होतं, आणि दुधाबरोबर तेल.

मी आईंना विचारलं, "तुम्ही नाही लावत तेल?"

"मला नाय जमत बाय. हात सटाकतो. मी आपली कोरडीच काढते," आई म्हणाल्या. "पन माजे गुडघे आता बसू देत नायत. ते दिस काढलं न मग मला उठवायला दोघं लागलं."

बाबांनी ऐकलं. म्हशीच्या पोटाला डोकं टेकवूनच म्हणाले, "तेलाचं बोट नसंल तर जनावराला आग होती. माजा आजा असाच काडायचा, बाप असाच. काय गं चंद्रे?" चंद्री आमची सगळ्यात तापट म्हैस. तिने शेपटीने त्यांच्या टोपीवर एक फटका दिला आणि बाबा खूश झाले.

आता सांगा, मी काय बोलणार होते? सुनेने सासऱ्याला धार काढायला शिकवायचं? तेही कशासाठी, तर शहरातल्या बायांच्या कॉफीवर फेस यावा म्हणून! सगळी आळी हसली असती. आणि आळी हसली तर बाबा रुसले असते, आणि बाबा रुसले की आमच्या घरात भांडीसुद्धा वाजत नाहीत. रागाने माझं डोकं फणफणलं. उत्तर हातात होतं आणि तोंड बंद.

मग मला युक्ती सुचली. मी म्हटलं, "बाबा, मला धार शिकवा ना. सकाळची मी काढत जाईन. तुम्हाला तेवढीच विश्रांती." मला वाटलं होतं, नाही म्हणतील. पण ते पटकन उठले आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं. "बस." इतक्या सहज! मला जरा नवलच वाटलं, पण म्हटलं, आपल्याला काय, काम झालं. तेलाची वाटी पुढे केली तर मी म्हटलं, "आईंसारखा माझाही हात सटकतो. मी धार झाल्यावर सडांना तेल चोळते, म्हणजे त्यांना आग नको व्हायला."

"सासूचीच सून!" बाबा हसले.

चंद्रीने पहिल्या दिवशी बादली उलथवली, दुसऱ्या दिवशी माझी पोटरी फोडली. माझे हात कोपरापर्यंत असे भरून यायचे की वेणी घालता येईना. पण दूध आलं. तापवलं, गार केलं, वाफ दिली, आणि फेस उभा राहिला. मी मशीनच्या आरशासारख्या पत्र्यात स्वतःकडे बघून म्हटलं, शाबास विनिता! केवढी गं तू हुशार! कुणाला दुखवलं नाही, कुणाशी खोटं बोलले नाही, आणि शुक्रवारची काळजी मिटली. संध्याकाळची धार बाबाच काढायचे, तेलाने, ती डेअरीला जायची, तिचं मला काय?

शुक्रवारी बाबा इस्त्रीचा सदरा आणि नवी टोपी घालून आले. छाया हट्टाने टमटम पकडून मागोमाग आली. तिला ते काचेचं दुकान आतून बघायचं होतं. देवेश आला होता. ऋषिकेशने गिऱ्हाइकांसाठी दुकान तासभर बंद ठेवलं आणि मी एकेक दूध लावायला घेतलं. सोया फाटलं तेव्हा बाबांनी मांडीवर थाप मारली. बदामाचं पाणी बघून म्हणाले, "हे आजाऱ्याला द्या." ओट मात्र त्यांनी दोनदा चाखलं. "तसं वंगाळ नाय," म्हणाले, आणि इकडेतिकडे बघितलं.

मग पिशवीचं, मग आमचं. आमच्या दुधाचा जग मी शेवटी उचलला, बाहेरून दोनदा पुसला आणि वाफेखाली धरला. फेस आला. असा आला की देवेशने कप फिरवून फिरवून बघितला. "काका, पिशवीपेक्षा भारी आहे हे. गोडी बघा. तासभर ठेवलं तरी बसणार नाही."

ऋषिकेश म्हणाला, "बोला वैनी. तुमचा निकाल."

"जनावराचं आपलं," मी म्हटलं. "झाडाचं ओटचं. ते दुसरं, खास कॉफीचं." आणि मी ते मनापासून म्हटलं. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की मी अगदी बरोबर जागी उभी आहे.

ऋषिकेशने टाळी वाजवली. "काका, मग उद्यापासून दुप्पट. संध्याकाळचं दूधही मलाच. सीझन तोंडावर आलाय."

बाबांचे डोळे भरले. खरंच भरले. म्हणाले, "आजून दोन म्हशी बांधू. पन ऋषिकेश, खरं सांगू? हे माजं नाय. हे हिच्या हाताचं हाय. मी काडीत व्हतो तवा फेस धरीत नव्हता, तूच मला मागं सांगितलं व्हतंस. हिला बोललो नाय, वाईट वाटंल म्हनून." माझ्याकडे वळले. "पोरी, आता सकाळची आन संध्याकाळची, दोनी धारा तूच काड. तुज्या हाताला गुन हाय. संध्याकाळची धार दुकान बंद व्हायच्या आदी काडाय लागती, मंग तू हितं थांबनार कशी? हितं छायाला धाडतो. पोर घरी बसून सुकत चाललीय."

"खरंच, बाबा?" छाया जवळजवळ उडालीच.

मी ऋषिकेशकडे बघितलं. तो गोंधळला. "काका, दूध काढायचं मशीन मिळतं," असं काहीतरी म्हणाला. बाबा हसले. "चंद्री मशीनला उभी ऱ्हाईल? लाथंनं पार खालापूरच्या नाक्यावर टाकंल." मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "वैनी, छायाला तुम्ही शिकवाल ना? तुमच्यासारखं कुणी शिकवणार नाही."

सगळे किती चांगलं बोलत होते! प्रत्येकजण मला एक एक पायरी वर चढवत होता आणि एक एक पायरी मी खाली जात होते. माझ्याच हुशारीने. मी हातातला दुधाचा जग खाली ठेवला.

"मला इथंच काम करायचंय," मी म्हटलं.

"अगं, पन दूधच नसंल तर हितलं काम तरी कुटलं?" बाबा अगदी समजुतीने म्हणाले. "तुज्या हाताबिगार..."

"हाताचं काही नाही, बाबा!" माझा आवाज चढला. "तेलाचं आहे! तुम्ही तेलाचं बोट लावता, ते दुधात उतरतं. तेलाने फेस मरतो. विचारा देवेशना. तुम्ही कोरड्या हाताने काढलंत तरी असाच फेस येईल. मीच कशाला पाहिजे?"

देवेशने मान खाली घातली. छायाचा हसरा चेहरा तसाच राहून गेला. मी बाबांकडे बघायचं टाळत होते, पण बघितलं. ते चिडले नव्हते. त्यांनी आपले दोन्ही तळवे उघडले, बघितले, आणि पालथे करून मांडीवर ठेवले.

"असं व्हय," म्हणाले. "मग आदीच सांगायचं व्हतंस, पोरी. एवढ्या लोकांत कशाला?"

घरी येताना मी मागे बसले होते, रिकामा कॅन पुढे वाजत होता. मला लाज वाटत होती, आणि लाजेच्या आड आनंदही होत होता, हे लपवून काय करू? दारात गाडी लावताना ते म्हणाले, "उद्यापासून दोनी धारा मी कोरड्या हातानं काडतो. तू जा तुज्या कामाला. छायाचं नंतर बघू." मी वाकून त्यांच्या पाया पडले. ते संकोचले. "असूं दे, असूं दे," म्हणाले.

सकाळी मी उठले ती गातच. निळा कुर्ता घातला, ऋषिकेशने दिलेला, खिशावर दुकानाचं नाव शिवलेलं. केस बांधले. कॅन भरायला म्हणून गोठ्याकडे गेले तर आई दारातच उभ्या होत्या, चौकट धरून. आत चंद्रीचा पाय आपटत होता.

बाबा तिच्या खाली बसले होते. त्यांनी सड धरला, दाबला, बारीकशी चिळकांडी आली आणि थांबली. पुन्हा धरला. त्यांची बोटं मिटतच नव्हती. सांधे सुजून गाठी आलेल्या, अंगठ्याच्या मुळाशी चामडी उललेली. ती बोटं तेलानेच कशीबशी सडावरून घसरत होती, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवशी स्टूल एवढ्या चटकन का सरकवलं, तेही कळलं. कोरड्या हातात सड अडकत होता, ओढला की चंद्री कळवळून पाय झाडत होती, आणि बाबा बादली वाचवत बाजूला सरकत होते. बादलीचा तळही झाकला नव्हता. सडावर रक्ताचा पुसट डाग होता, तो म्हशीचा नव्हता.

"व्हतंय, व्हतंय," मला बघून ते म्हणाले. "सवय नाय म्हनून. तू जा. तुला उशीर व्हईल."

आई माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. एकदा बघितलं असतं, एकदा म्हटलं असतं की बघ तुझ्यापायी काय चाललंय, तर मी तोंड सोडलं असतं. मला भांडता येतं, सगळ्या आळीला माहीत आहे. मागे छाया येऊन थांबली. तिनेही काही मागितलं नाही. तिला म्हशीच्या शेपटीचीसुद्धा भीती, ती कुठे आत येणार होती? योगेंद्र रात्रपाळी करून झोपला होता. माझ्याशी भांडायला तिथे कुणी म्हणजे कुणी नव्हतं.

बाबांनी हात सदऱ्याला पुसला आणि पुन्हा सड धरला.

"उठा, बाबा," मी म्हटलं.

"अगं, कपडे खराब व्हतील तुजे."

"होऊ देत. उठा म्हणते ना!"

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. मी बसले. चंद्रीने मान वळवून मला बघितलं आणि मेली लगेच शांत झाली. मी बादली गुडघ्यांत धरली. पहिली धार तळावर वाजली, दुसरी वाजली, आणि मला असा राग आला की डोळ्यांपुढचं दिसेना. बाबांचा नाही, कुणाचाच नाही. मी आपणहून बसले होते.

"छाया," मी न वळता हाक मारली. "आवर गं लवकर. दुकान उघडायचंय तुला."